दुसरी प्रत

ओकिनामी या पुस्तकांच्या दुकानातल्या कानेमारुसाननी माझ्या पुस्तकाला पांढरा कागद घातला आणि माझं बोलणं मधेच तुटलं. मी काय बोलत होते तेही मला आता आठवत नाही, काहीतरी शाळेतलं असणार, हल्ली मी काउंटरवर पोचायच्या आधीच सुरू होते. त्यांच्या मागे ओकिनामीचा निळा कागद ठेवायची जागा रिकामी होती, आणि पुस्तकावर हा कोरा कागद बसत होता, दवाखान्यात तपासायच्या खाटेवर पसरतात तसला. निळा कागद म्हणजे बारीक बारीक लाटांचा, कोपऱ्यात नखाएवढा दीपस्तंभ असलेला. माझ्या खोलीतल्या फळीवर सगळ्या पुस्तकांच्या पाठी निळ्या आहेत. बाहेरून बघणाऱ्याला कुठलं पुस्तक कुठलं ते कळतच नाही, मला मात्र अंधारातही कळतं. "निळा संपला?" मी विचारलं. "संपला." "मग कधी येणार?" कानेमारुसान अंगठ्याच्या नखाने कडा दुमडतात, एकदाच, दुसऱ्यांदा हात लावावा लागत नाही. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा नख फिरवलं. "परत छापणार नाहीत, चिहारुचान," त्या म्हणाल्या, आणि माझ्या मागच्या माणसाकडे बघून मान लववली. दारावरची सूचना त्यानंतर कितीतरी दिवसांनी लागली. फेब्रुवारीअखेर ही शाखा बंद होत आहे, आजवरच्या लोभाबद्दल ऋणी आहोत, वगैरे. लोक सूचनेपुढे थांबून "अरेरे" म्हणत होते. माझं अरेरे त्या पांढऱ्या कागदावरच होऊन गेलं होतं.

होक्काइदोच्या पूर्वेकडच्या आमच्या गावाला शहर म्हणायची पद्धत आहे, म्हणून मीही म्हणते. ओकिनामीची इथे तीन दुकानं होती. स्टेशनजवळचं गेलं तिथे आता गाड्या लावतात. इस्पितळाजवळचं गेलं तिथे म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळायची जागा झाली. राहिलं ते सुपरमार्केटच्या वरच्या मजल्यावरचं, जिथे सरकत्या जिन्याने वर येताना आधी खालच्या तळलेल्या बटाटेवड्यांचा वास येतो, मग तो मागे पडतो आणि कागदाचा सुरू होतो. तो वास मी ओळखते, कारण लहानपणी तो बाबांच्या कपड्यांना यायचा. आमच्याकडे कागदाची गिरणी होती. तिच्या धुराड्यातून वाफ निघायची आणि समुद्रावरच्या धुक्यात मिसळायची, मला वाटायचं धुकं बाबाच तयार करतात. गिरणी बंद झाली. आता बाबा त्याच सुपरमार्केटच्या आवारात लाल दिव्याची कांडी हलवत गाड्यांना जागा दाखवतात आणि मी समोरून गेले की मलाही कांडीनेच "पुढे व्हा, पुढे व्हा" करतात. विनोद असतो तो. आम्ही दोघंही हसतो.

तोवाला हे काहीच कळत नाही. तोवा माझी वर्गातली मैत्रीण. ती सगळं मोबाइलवर वाचते, अंगठ्याने सरकवत, न्याहारी करताना, वेणी घालताना, संडासात. "म्हातारे," ती म्हणाली, "अजून कागद चाटतेस? आम्ही गुरुवारी रात्री बारालाच वाचून मोकळे. तुझं पुस्तक शनिवारी येणार, ते पण ट्रक बर्फात अडकला नाही तर." हे खरं आहे. टोकियोत जे पुस्तक गुरुवारी येतं ते आमच्याकडे शनिवारी. आमच्या भागात मंगा, म्हणजे चित्रकथा, वाचणाऱ्यांना दोन दिवस कान झाकून हिंडायची सवय असते, गोष्ट कुणी आधीच फोडू नये म्हणून. लहानपणी मला वाटायचं की गोष्टसुद्धा चालत येते, बोटीत बसते, थंडीने कुडकुडते, म्हणून उशीर होतो. "आणि घरपोच मागव ना," तोवा म्हणाली, "दुकान बंद झालं म्हणून पुस्तकं छापायची बंद होतात का?" मी म्हटलं, "माझं पुस्तक होणार आहे बंद." ती म्हणाली, "तुझं ते हवामानखात्याचं? ते वाचतं कोण?" नेमका तोच प्रश्न दोन वर्षं माझ्या डोक्यात होता. तो तिच्या तोंडून थट्टेत आला, एवढंच.

कोण वाचतं. मला माहीत आहे की दोन जण वाचतात. एक मी. माझ्या त्या मंगाचं नाव 'टोकावरची वेधशाळा'. एका निर्जन भूशिरावर एक बाई राहते, वाऱ्याचा वेग मोजते, ढग मोजते, बिनतारी यंत्रावर आकडे सांगते. बस. एका अख्ख्या भागात ती आकड्यांखेरीज कुणाशी एक शब्द बोलत नाही. मी आठवीत असताना तो पहिला भाग हातात घेतला, उभ्या उभ्या वाचला, आणि पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही. आठवीत मी बोलत नव्हते. म्हणजे येत होतं, पण शब्द घशापर्यंत यायचा आणि तिथे बसायचा, जिन्यावर बसलेल्या मांजरासारखा, ना वर ना खाली. वर्गात मला 'आवाज बंद' म्हणायचे, दूरदर्शनसंचावर येतं तसं. दुकानात कुणी काही विचारत नसे. ओल्या कोटांचा वास, हीटरची घरघर, शेजारी उभ्या असलेल्यांची पानं उलटायची फडफड, सगळे एकमेकांना खेटून आणि कुणीच कुणाचं नाही. मला हवं असलेलं पुस्तक शेल्फवर नसेल तर मी तशीच घरी जात असे. काउंटरवर जाऊन विचारणं म्हणजे भर चौकात कपडे काढणं वाटायचं. रिकाम्या जागेकडे मात्र पुष्कळ वेळ बघत उभी राहायची मी. त्या फटीचा आकार अजून माझ्या लक्षात आहे, दोन पुस्तकांच्या मधली ती काळी उभी रेघ, आणि आत काहीतरी मागे सरकून पडलं असेल म्हणून घातलेलं बोट.

कानेमारुसाननी ते बघितलं असणार. एके दिवशी त्यांनी माझ्यापुढे हाताएवढा पुठ्ठा आणि पेन ठेवलं. दुकानातली माणसं शेल्फला अशी हातांनी लिहिलेली कार्डं लावतात, हे पुस्तक का वाचावं ते सांगणारी. "बोलू नकोस," त्या म्हणाल्या, "लिही. जागा थोडीच आहे, तेव्हा खरं तेवढंच." मी लिहिलं: *ज्यांना कुणाला काही विचारता येत नाही, त्यांच्यासाठी.* एवढंच मावलं. कार्ड लागलं आणि पुढच्या आठवड्यात पहिल्या भागाची शेल्फवरची प्रत नव्हती. माझ्याकडे माझी होती. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी नेली होती! त्या दिवशी मी घरापर्यंत धावले. बर्फावरून दोनदा आपटले, हसत उठले. मग दुसरा भाग आला तेव्हा दोन प्रती आल्या, मागच्या वेळी जितक्या खपल्या तितक्याच पाठवतात म्हणून. एक मी घेतली. दुसरी सोमवारपर्यंत गेली. तिसरा, चौथा, तसंच. माझं एक वाक्य कुणाच्या तरी घरात जाऊन राहिलं होतं. त्यानंतर घशातलं मांजर उठलं. कसं ते मला सांगता येत नाही, पण आधी आईला लक्षात आलं की मी जेवताना बोलते, मग बाईंना, मग उच्च माध्यमिक शाळेत गेल्यावर मी ध्वनिक्षेपकावर बोलणाऱ्या प्रसारण मंडळात नाव दिलं आणि आता जेवणाच्या सुट्टीत अख्खी शाळा माझा आवाज ऐकत भात खाते. तोवा म्हणते, "तुझा एक खटका बिघडलाय, बंदच होत नाहीस." आणि मला ते इतकं आवडतं! आरशासमोर सुद्धा मी बोलते. बोलताना माझे हात मोठे होतात.

म्हणून मला दुसरा वाचक हवा होता. बघायचा होता. आभार वगैरे नाही, आभार मोठी माणसं मानतात. मला त्याला, किंवा तिला, किंवा कोण असेल त्याला, समोर उभं करून विचारायचं होतं, पाचव्या भागात ती बाई वारा शून्य असं सांगते आणि यंत्र बंद करते, त्या पानावर तुम्हालाही गार वाटलं का? कानेमारुसानना मी किती वेळा विचारलं असेल. "गिऱ्हाइकाबद्दल सांगत नसतात," त्या म्हणायच्या. "बाई की माणूस, एवढं तरी!" "चिहारुचान." "म्हातारं? तरुण? मिश्या आहेत?" एकदाच त्या हसल्या आणि त्यांच्या तोंडून निसटलं, "ते कागद घालू देत नाहीत. न दुमडता तसाच मागून नेतात. घरी जाऊन स्वतः घालत असतील." मी तेवढ्यावर किती दिवस काढले. निळा सपाट कागद गुंडाळून कोटाच्या आत धरून चाललेलं कुणीतरी. प्रत्येक बसथांब्यावर मी लोकांचे कोट बघायचे.

आठवा भाग फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी येणार होता. तोच दुकानाचा शेवटचा दिवस. आणि प्रकाशकाने जाहीर केलं होतं की कागदावरचा हा शेवटचा, यापुढची गोष्ट फक्त मोबाइलवर. म्हणजे तो एकच दिवस उरला. त्यानंतर आम्ही दोघं एकाच शहरात आपापल्या पडद्यावर ती बाई सरकवत बसणार आणि एकमेकांना कधीही भेटणार नाही. तोवाला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग पाटी घेऊन उभी राहा ना, विमानतळावर राहतात तशी." ती थट्टा करत होती. मला मात्र ते पटलं.

शनिवारी ट्रक आला. वादळ म्हणत होते, पण आला. मी दार उघडायच्या आधीपासून सरकत्या जिन्याखाली उभी होते, बाबांनी मला बघून कांडीने सलाम ठोकला. वर गेले आणि बघता बघता दुकान भरलं! इतकी माणसं मी तिथे कधी बघितली नव्हती. जी वर्षानुवर्षं फिरकली नव्हती ती सगळी आली होती, मोबाइल उंच धरून छताचे, शेल्फांचे, काउंटरचे फोटो काढत. "किती सुनं वाटेल ना आता," एक बाई म्हणाली. "माझ्या मुलाला इथेच वाढवलं म्हणायचं, खालची खरेदी होईस्तोवर इथे सोडून जायचे मी." तिचा नवरा काउंटरवर जाऊन विचारत होता, "शेवटचा दिवस आहे, मग काही कमी नाही का करणार?" पुस्तकं ठरल्या किमतीलाच विकतात, उरलेली खोक्यांत भरून परत जातात, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. तरी तो विचारत होता आणि नाही म्हटल्यावर दुखावलेला दिसत होता, मयताला येऊन जेवायला न मिळाल्यासारखा. काहीजण मात्र 'आठवण म्हणून' काहीही उचलत होते. स्वयंपाकाचं, बागकामाचं, हाताला लागेल ते. एक माणूस कुठल्याशा मालिकेचा अकरावा भाग घेऊन रांगेत उभा होता, नुसता अकरावा. मला त्याच्या हातातून तो ओढून घ्यावासा वाटला.

आणि त्याच वेळी मला भीती वाटली. आठव्या भागाच्या दोन प्रती शेल्फवर होत्या, माझ्या कार्डाखाली. एक मी घेतली. दुसरी अशाच कुणी आठवण म्हणून नेली तर? किंवा मी पाणी प्यायला गेले आणि तेवढ्यात ते येऊन, घेऊन, निघून गेले तर? शेल्फच्या खाली जास्तीच्या प्रतींचा खण असतो. मी प्रत त्यात ठेवली. कानेमारुसान खोकी बांधत मागे चालल्या होत्या, त्यांनी बघितलं. "नको, चिहारुचान. शेल्फवरचं शेल्फवर राहू दे." "कुणी भलतंच नेईल!" "नेईल तर नेईल." "तुम्ही काळजी करू नका हो, मी आहे ना इथे!" त्या काहीतरी म्हणणार होत्या, पण मागून कुणी हाक मारली आणि त्या गेल्या. काउंटरवर दुसऱ्या गावच्या शाखेतून आलेला अनोळखी माणूस होता. मी दप्तरातून जाड गुलाबी पेन काढलं आणि रिकाम्या जागेत कागद लावला, मोठ्या अक्षरांत: *आठवा भाग आहे! हवा असेल तर विचारा! मी इथेच आहे!* शेजारी हसरं तोंड काढलं. छान दिसत होतं. लांबूनही वाचता येत होतं.

मग मी वाट बघितली. येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून हसले. दुपार झाली, खालून भाजलेल्या ईल माशाचा वास वर आला, खिडक्यांवर वाफ धरली, लोक वाढतच गेले. तेवढ्यात वर्तमानपत्रवाल्या बाई आल्या, गळ्यात कॅमेरा, शाळेचा गणवेश बघून सरळ माझ्याकडे. "तू नेहमी यायचीस का इथे?" आणि मी सुरू झाले. काय सांगू कशी सुरू झाले! सगळं सांगितलं, पायाच्या मुंग्या, निळा कागद, घशातलं मांजर, कार्ड. बाई भराभर लिहून घेत होत्या. दोनचार लोक थांबले, मग आणखी काही, माझ्याभोवती कोंडाळं झालं. ती आपल्या मुलाला इथे वाढवणारी बाई डोळे पुसत होती. माझा आवाज छताला लागून परत माझ्याकडे येत होता, आणि मी मनात म्हणत होते, बघा, आठवीतल्यांनो, बघा. "म्हणजे या दुकानाने तुला बोलायला शिकवलं, असं लिहू?" बाईंनी विचारलं. "लिहा!" मी म्हटलं.

तेव्हा हात हलवताना मी अर्धी वळले आणि मला मागे दिसलं. आमच्या शेल्फपाशी कुणीतरी पाठमोरं उभं होतं. गडद कोट, टोपी वर ओढलेली. एक बोट पुस्तकांच्या पाठींवरून चाललं होतं, एकेक करत, आणि थांबलं. फटीत शिरलं. आत जाऊन मागची फळी चाचपली. मला ते बोट माझ्याच हाताला जाणवलं, फळीचा गारवा, कोपऱ्यातली धूळ. मग ती टोपी वर झाली, गुलाबी कागदासमोर स्थिर राहिली, आणि किंचित वळली, आमच्याकडे, कोंडाळ्याकडे, जिथून माझा आवाज येत होता. चेहरा दिसला नाही, मधे कुणाचा तरी उंच धरलेला मोबाइल होता. मी हात वर करून ओरडायला हवं होतं. माझ्याइतकं मोठ्याने त्या मजल्यावर कुणी ओरडू शकलं नसतं. पण माझं वाक्य अर्ध्यावर होतं, चांगलं वाक्य होतं, लोक त्याच्या शेवटाची वाट बघत होते. मला वाटलं, विचारतील. कागदावर लिहिलंय की, विचारतील, एवढं काय त्यात? मी वाक्य पुरं केलं. लोक हसले. फोटो निघाला. नंतर कोंडाळं फोडून गेले तेव्हा शेल्फपाशी कुणी नव्हतं. मी सरकता जिना चढणाऱ्या लोकांना ढकलत उलटी खाली धावले. बाहेर बर्फ पडत होतं आणि बाबा कांडी हलवत होते. "बाबा, आत्ता कोण गेलं? गडद कोट, टोपी!" बाबांनी आवाराकडे बघितलं. सगळ्यांचेच कोट गडद होते. "अगं, कोण म्हणून सांगू?" ते म्हणाले.

वर आले. जागा तशीच होती, आणि माझी दोन हस्ताक्षरं एकाखाली एक. वर पिवळं पडलेलं कार्ड, बारीक, भीत भीत लिहिलेलं, ज्यांना कुणाला काही विचारता येत नाही, त्यांच्यासाठी. खाली जाड गुलाबी, विचारा. मी सकाळपासून त्याच्या समोर उभी होते. हसरं तोंड काढलं तेव्हा माझं मनगट त्या कार्डाला घासत होतं. तरी मला दिसलं नव्हतं.

कानेमारुसान बंद व्हायच्या वेळी आल्या. त्यांनी फट बघितली, खण उघडला, प्रत बघितली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी काउंटरखालून एक सपाट निळा कागद काढला, कडासुद्धा न दबलेला. "त्यांच्यासाठी ठेवला होता," त्या म्हणाल्या. "मागायला काउंटरवर आले असते. पुस्तकच मिळालं नाही तर कागद कशाला मागतील?" मी म्हटलं, "उद्या येतील?" हे मी खरंच विचारलं. त्यांनी दिव्यांकडे बघितलं, मागच्या बाजूचे एकेक विझत होते. "त्या प्रतीचं काय करतेस? नाहीतर खोक्यात जाईल." मी दुसरीही विकत घेतली. त्या अनोळखी माणसाने तिला पांढरा कागद घातला, वेडावाकडा, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरत म्हणाला, "आजवरच्या लोभाबद्दल आभारी आहोत."

सोमवारी छापून आलं. आईने सकाळी कात्रीने कापून फ्रिजला लावलं, माशाच्या आकाराच्या चुंबकाखाली. शाळेत तोवाने वर्गभर दाखवलं, "आमची म्हातारी प्रसिद्ध झाली!" वर्गाच्या बाईंनी जेवणाच्या सुट्टीत त्यावरच बोलायला सांगितलं आणि मी बोलले, व्यवस्थित बोलले, खटका कुठे बंद होतो? रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. फोटोत माझं तोंड उघडं आहे, सगळे दात दिसतात, हात इतके मोठे की एक चौकटीबाहेर गेलाय. माझ्या कानामागे, पुसट, एक पाठ आहे. बाहीतून निघालेला हात पुन्हा एकदा शेल्फमध्ये मनगटापर्यंत गेलेला. बाई की माणूस, म्हातारं की तरुण, काही कळत नाही. वर्तमानपत्राच्या कागदावर जवळ गेलं की सगळ्याचे ठिपके होतात. हा कागद आता कुठल्या गावाहून येतो कोण जाणे.

"किती छान बोलतेयस बघ," आई भांडी पुसत मागून म्हणाली. मग तिने चष्मा वर करून फोटोवर बोट टेकवलं. "आणि हे कोण गं, तुझ्या मागे?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "विचारलं नाही."